क्ष म्हणजे चहा नव्हे

परभणीहून रेल्वेने नांदेडकडे निघाले की वाटेत पूर्णा जंक्शन लागते. पूर्णा नदीच्या काठचे हे गाव. येथून एक फाटा वसमत, हिंगोली, वाशीम करीत अकोल्याकडे जातो. त्यामुळे उतरणारे, चढणारे आणि गाडी बदलणारे प्रवासी येथे पुष्कळ, आणि गाडीची वाट पाहत चहा पिणारेही पुष्कळ. विद्यार्थी मित्रहो, आपले पहिले उदाहरण आपण येथूनच घेऊ.

समजा, स्टेशनाबाहेरच्या एका टपरीवर प्रवाशांची दोन टोळकी आली. पहिल्या टोळक्याने ३ चहा आणि २ वडापाव घेतले. त्याचे ७० रुपये झाले. दुसऱ्याने ५ चहा आणि ३ वडापाव घेतले. त्याचे ११० रुपये झाले. तर एका चहाची किंमत किती आणि एका वडापावाची किती?

तुमच्यापैकी काहीजण अंदाजानेच उत्तर सांगतील. सांगू द्या, अंदाज करणे हा काही गुन्हा नाही. पण वही उघडून हे उदाहरण रीतीने सोडवायला घेतले की बहुतेकांची पहिली ओळ अशी असते:

क्ष = चहा, य = वडापाव

आणि लगेच दुसरी ओळ:

३क्ष + २य = ७०

दुसरी ओळ बरोबर आहे. पहिली साफ चूक आहे. दुसरी बरोबर आल्यामुळे पहिलीकडे कोणी फारसे पाहत नाही, आणि ही सवय तशीच पुढच्या वर्गात जाते. आजचा सगळा पाठ या पहिल्या ओळीबद्दल आहे.

जरा विचार करा. क्ष म्हणजे चहा असेल, तर ३क्ष म्हणजे तीन चहा. य म्हणजे वडापाव असेल, तर २य म्हणजे दोन वडापाव. मग डाव्या बाजूला एक ताटली आहे. तिच्यात तीन पेले चहा आणि दोन वडापाव मांडले आहेत. उजव्या बाजूला ७० हा आकडा आहे. ताटली आणि आकडा यांच्यामध्ये बरोबरचे चिन्ह कसे येईल? चहा आणि वडापाव मिळून सत्तर होत नाहीत. त्यांचे पैसे मिळून सत्तर होतात. म्हणून पहिली ओळ अशी हवी:

समजा, एका पेला चहाची किंमत क्ष रुपये आणि एका वडापावाची किंमत य रुपये आहे.

आता ३क्ष याचा अर्थ ‘तीन चहा’ असा राहिला नाही. ३ पेले, दर पेल्याला क्ष रुपये, म्हणून ३क्ष रुपये. तसेच वडापावाचे २य रुपये. डावीकडे रुपये, उजवीकडेही रुपये. आता बरोबरचे चिन्ह घालायला हरकत नाही.

३क्ष + २य = ७० … (१)
५क्ष + ३य = ११० … (२)

पुढचे काम सोपे आहे. समीकरण (१) ला ३ ने आणि (२) ला २ ने गुणू.

९क्ष + ६य = २१०
१०क्ष + ६य = २२०

खालच्यातून वरचे वजा केले की क्ष = १०. ही किंमत (१) मध्ये घातली की ३० + २य = ७०, म्हणून य = २०. चहा दहा रुपये, वडापाव वीस रुपये.

हे गुणणे म्हणजे काय ते पाहून ठेवा, कारण पाठ करून केलेली रीत परीक्षेच्या दिवशी नेमकी विसरते. पहिल्या टोळक्याने आपली मागणी तीन वेळा दिली असती तर ९ चहा, ६ वडापाव आणि २१० रुपये झाले असते. दुसऱ्याने आपली मागणी दोन वेळा दिली असती तर १० चहा, ६ वडापाव आणि २२० रुपये. वडापाव दोघांचे सारखे. दुसऱ्याचा चहा एक पेला जास्त, पैसे दहा जास्त. झाले! त्या एका पेल्याचेच दहा रुपये.

ताळा मात्र समीकरणात करू नका. मूळ गोष्टीत करा. समीकरणच चुकीचे मांडले असेल, तर चुकीचे उत्तर चुकीच्या समीकरणात अगदी बरोबर बसते. तीन चहाचे तीस, दोन वडापावांचे चाळीस, मिळून सत्तर. पाच चहाचे पन्नास, तीन वडापावांचे साठ, मिळून एकशे दहा. आता निश्चिंत व्हा.

तुम्ही म्हणाल, ‘पहिली ओळ चुकली तरी उत्तर येतेच की! मग एवढा काथ्याकूट कशाला?’ यासाठी दुसरे उदाहरण घेऊ. टपरी तीच. चहा १० रुपये आणि वडापाव २० रुपये हे आता माहीत आहे. एका टोळक्याने चहा आणि वडापाव मिळून ७ नग घेतले आणि १०० रुपये दिले. तर चहा किती आणि वडापाव किती?

येथेही पुष्कळजण ‘क्ष = चहा, य = वडापाव’ असेच लिहितात. पण येथे क्ष म्हणजे चहाची किंमत नाही. किंमत तर दिलेलीच आहे. येथे क्ष म्हणजे चहाच्या पेल्यांची संख्या. समीकरणे अशी होतात:

क्ष + य = ७
१०क्ष + २०य = १००

यावरून क्ष = ४, य = ३. म्हणजे एकाच टपरीवरच्या एकाच चहासाठी क्ष हे अक्षर एकदा भाव झाले आणि एकदा नग झाले. ‘क्ष = चहा’ असे लिहिणाऱ्याला या दोन उदाहरणांतला फरक दिसतच नाही. मग तो दिसलेले आकडे दिसलेल्या क्रमाने अक्षरांच्या शेजारी मांडतो आणि बरे उत्तर यावे म्हणून वाट पाहतो.

हा घोटाळा केवळ शाळेतल्या मुलांचाच होतो असे समजू नका. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात १९८० च्या सुमारास इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक साधे वाक्य समीकरणात लिहायला दिले होते: या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांच्या संख्येसाठी एक अक्षर, प्राध्यापकांच्या संख्येसाठी दुसरे. आपण त्यांना ‘व’ आणि ‘प’ म्हणू. एकतृतीयांशाहून अधिक विद्यार्थी चुकले, आणि चुकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ६व = प असे लिहिले. सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक, म्हणून ६व = प! खरे समीकरण आहे व = ६प. प्राध्यापक १० असले तर विद्यार्थी ६० होतात, हे ताबडतोब पडताळून पाहता येते. चुकणाऱ्यांना गुणाकार येत नव्हता असे नाही. ‘व’ हे अक्षर त्यांनी संख्या म्हणून न वाचता ‘विद्यार्थी’ या शब्दाचे लघुरूप म्हणून वाचले.

आता या चुकीचा हिशेब रुपयांत कसा चुकता करावा लागतो ते पाहू, आणि त्यासाठी पूर्णेलाच परत येऊ.

१९४८ सालापर्यंत पूर्णा गाव, साऱ्या मराठवाड्याप्रमाणे, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. या संस्थानाचे स्वतःचे नाणे होते. त्याला लोक ‘हाली शिक्का’ किंवा नुसते ‘हाली’ म्हणत. इंग्रज सरकारच्या रुपयाला ‘कलदार’ म्हणत. तुमच्या गावात कोणी फार वृद्ध आजी-आजोबा असतील तर त्यांना हे दोन शब्द जरूर विचारा. दोन्ही रुपयेच, पण सारख्या किमतीचे नव्हेत. सरकारी दर असा होता: १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै हे लक्षात घेतले तर १० आणे ८ पै म्हणजे रुपयाचा बरोबर दोनतृतीयांश. म्हणजे १०० कलदारला ११६ पूर्णांक २/३ हाली. प्रमाण सोपे केले तर ६ कलदारला ७ हाली.

अकोला वऱ्हाडात. तेथील कारभार इंग्रजांकडे, म्हणून व्यवहार कलदारात. समजा, पूर्णेच्या एका दुकानदाराने अकोल्याच्या व्यापाऱ्याकडून कापडाचा गठ्ठा घेतला. किंमत ८४ कलदार. तर त्याला पेटीतून किती हाली रुपये मोजून काढावे लागतील?

‘७ हाली = ६ कलदार’ हे तोंडपाठ आहे. तेव्हा घाईने लिहिले जाते:

७ह = ६क

क च्या जागी ८४ घाला. ७ह = ५०४, म्हणून ह = ७२. दुकानदार ७२ हाली घेऊन निघतो. पण हाली रुपया कलदारपेक्षा हलका. ८४ कलदारच्या मालाला ८४ पेक्षा जास्त हाली लागायला हवेत, कमी कसे लागतील? बरोबर समीकरण असे:

६ह = ७क

आता ६ह = ५८८, ह = ९८. घाईने मांडणाऱ्या दुकानदाराला सव्वीस रुपये कमी पडले! त्या काळी सव्वीस रुपये ही लहान रक्कम नव्हती.

पण थांबा. ७ह = ६क हे समीकरण नेहमीच चूक आहे का? नाही! येथेच खरी गंमत आहे. ‘ह’ म्हणजे हाली रुपयांची संख्या आणि ‘क’ म्हणजे कलदार रुपयांची संख्या असे मानले तर ते चूक आहे. परंतु ‘ह’ म्हणजे एका हाली रुपयाचे मोल आणि ‘क’ म्हणजे एका कलदार रुपयाचे मोल असे मानले, तर सात हालींचे मोल ७ह, सहा कलदारांचे मोल ६क, आणि ही दोन्ही मोले सारखी; म्हणून ७ह = ६क अगदी बरोबर. तीच दोन अक्षरे, तेच दोन आकडे. अक्षर नग मोजते की एका नगाचे मोल सांगते, एवढ्यावरून समीकरण उलटे होते. आणि हे आपण समीकरणाकडे कितीही टक लावून पाहिले तरी समीकरण सांगत नाही. ते फक्त वरची ‘समजा’ची ओळ सांगते.

शिक्षकांना येथे एक सुचवावेसे वाटते. समीकरण फळ्यावर लिहिण्याआधी वर्गात एकच प्रश्न विचारावा: ‘उत्तर मोठे येणार की लहान?’ हाली जास्त लागणार की कमी? या प्रश्नाला अक्षरे लागत नाहीत, पण उलटे मांडलेले समीकरण तेथल्या तेथे पकडले जाते.

वजनांच्या बाबतीतही लोकांना हीच कसरत करावी लागली. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नये पैसे झाले. वजनमापांचा कायदा १९५६ चा. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर जाऊन किलो आला आणि १९६२ पर्यंत तो देशभर रूढ करण्यात आला. ८० तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. म्हणजे किलो शेरापेक्षा थोडा मोठा. समजा, एखाद्या दुकानात साखरेचा भाव शेराला १ रुपया १२ पैसे होता. किलोचा भाव किती ठेवावा? किलोचा भाव भ रुपये मानला, तर ०·९३३ किलोची किंमत ०·९३३भ, आणि ती १·१२ असली पाहिजे. यावरून भ = १·२०. जो दुकानदार जुनाच भाव किलोला लावील त्याचे रुपयामागे सुमारे सात पैसे जातील, आणि जो गिऱ्हाईक हिशेब न करता ‘भाव वाढवला’ म्हणून भांडेल तो उगाच भांडेल. ‘एकमान किंमत’ म्हणताना एक म्हणजे एक काय, शेर की किलो, डझन की नग, हे शेजारी लिहिल्यावाचून तो आकडा अर्धाच असतो.

आता जरा फार मागे जाऊ. दोन वस्तूंचे मिश्र मोल देऊन एकेकीचा भाव काढा, हे उदाहरण केवढे जुने असेल असे तुम्हाला वाटते? वेरूळचे कैलास लेणे ज्या राष्ट्रकूट घराण्याच्या काळात कोरले गेले, त्याच घराण्यात पुढे नवव्या शतकात अमोघवर्ष नावाचा राजा झाला. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. त्याच्या कारकिर्दीत, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्य नावाच्या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. १९१२ साली मद्रास येथे एम. रंगाचार्य यांनी तो इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. या ग्रंथात एक उदाहरण आहे, त्याचा आशय असा: ९ महाळुंगे आणि ७ कवठे यांची किंमत १०७ होते, ७ महाळुंगे आणि ९ कवठे यांची किंमत १०१ होते. तर एका महाळुंगाची आणि एका कवठाची किंमत सांगा.

पाहा, आपल्या टपरीवरचेच गणित, पण साडेअकराशे वर्षांहून जुने. एका महाळुंगाची किंमत क्ष आणि एका कवठाची य मानू.

९क्ष + ७य = १०७
७क्ष + ९य = १०१

येथे आकडे उलटसुलट आले आहेत. त्याचा फायदा घेऊ. दोन्ही समीकरणांची बेरीज करा: १६क्ष + १६य = २०८, म्हणून क्ष + य = १३. दोन्हींची वजाबाकी करा: २क्ष − २य = ६, म्हणून क्ष − य = ३. तेरा बेरीज आणि तीन फरक असणाऱ्या संख्या कोणत्या? ८ आणि ५. महाळुंग आठाला, कवठ पाचाला.

महावीराचार्यांनी हे अक्षरे घेऊन सोडवले नाही. त्यांनी शब्दांत एक नियम दिला आहे: मोठ्या किमतीला मोठ्या संख्येने गुणा, त्यातून लहान किंमत गुणिले लहान संख्या वजा करा, आणि जे उरेल त्याला दोन संख्यांच्या वर्गांतील फरकाने भागा. करून पाहू. १०७ × ९ = ९६३. १०१ × ७ = ७०७. फरक २५६. वर्गांतील फरक ८१ − ४९ = ३२. २५६ ÷ ३२ = ८. उत्तर चोख आले!

हा नियम कोठून आला हे आपल्याला अक्षरांनी चटकन दाखवता येते. मोठी संख्या म, लहान संख्या ल, मोठी किंमत प, लहान किंमत फ असे मानू. मग मक्ष + लय = प, आणि लक्ष + मय = फ. पहिल्याला म ने, दुसऱ्याला ल ने गुणून वजा केले की य असलेली पदे उडतात आणि उरते (म चा वर्ग − ल चा वर्ग) × क्ष = मप − लफ. हाच तो नियम. फरक एवढाच की महावीराचार्यांचा नियम फक्त उलटसुलट आकड्यांच्या उदाहरणांना चालतो. ३ चहा-२ वडापाव, ५ चहा-३ वडापाव या आपल्या उदाहरणाला तो चालत नाही. अक्षरांची रीत दोन्हींना चालते. नवे उदाहरण आले की नवा नियम पाठ करण्याची गरज तिने संपवली.

अज्ञात संख्यांना नावे देण्याची पद्धत आपल्याकडे चांगलीच रुळलेली होती. भास्कराचार्य (जन्म १११४) यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात पहिल्या अज्ञात संख्येला ‘यावत्‌तावत्’, म्हणजे ‘जेवढे असेल तेवढे’, असे म्हटले आहे. दुसरीला काळक, तिसरीला नीलक, चौथीला पीतक. ही रंगांची नावे! लिहिताना त्यांचे पहिले अक्षर घेत: या, का, नी, पी. चहाला ‘च’ आणि वडापावाला ‘व’ म्हणण्यापेक्षा काळे-निळे म्हणणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. रंगाच्या नावाने वस्तू आठवत नाही, त्यामुळे अक्षराला वस्तू समजण्याचा मोहही होत नाही. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. तेव्हा ही अक्षरे आपल्या मुलखातल्या विद्यार्थ्यांनी आठशे वर्षांपूर्वी गिरवली असतील, असे मानायला जागा आहे.

त्यांच्या ‘बीजगणिता’तले भावाचे एक सोपे उदाहरण असे: एकाजवळ ३०० नाणी आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ १० घोडे आहेत, पण १०० नाण्यांचे कर्ज आहे. दोघांची संपत्ती सारखी. सगळे घोडे एकाच किमतीचे. तर घोड्याची किंमत काय? ३०० + ६क्ष = १०क्ष − १००, म्हणून क्ष = १००. कर्ज म्हणजे ऋण संख्या, हे येथे किती सहज आले आहे पाहा.

दुसरे उदाहरण मात्र विचार करायला लावते. एकाजवळ ५ माणके, ८ नीलमणी, ७ मोती आणि ९० नाणी आहेत. दुसऱ्याजवळ ७ माणके, ९ नीलमणी, ६ मोती आणि ६२ नाणी आहेत. दोघांची संपत्ती सारखी. प्रत्येक रत्नाचा भाव सांगा. एका माणकाचा भाव या, नीलमण्याचा का आणि मोत्याचा नी मानू.

५या + ८का + ७नी + ९० = ७या + ९का + ६नी + ६२

आवराआवर केली की उरते: नी + २८ = २या + का. अज्ञात संख्या तीन, माहिती एक. येथे उत्तर एक नाही, अनेक आहेत. भास्कराचार्य भावांचे प्रमाण ३ : २ : १ असे धरून एक उकल काढतात: माणिक १२, नीलमणी ८, मोती ४. ताळा पाहा, दोघांचीही संपत्ती २४२ भरते. पण माणिक १०, नीलमणी १०, मोती २ हेही चालते. तेव्हा दोघांची संपत्ती २३४. दोन्ही उत्तरे बरोबर. म्हणून ‘उत्तर येत नाही’ असे म्हणण्याआधी माहिती पुरेशी आहे का ते पाहावे. दोन भाव हवेत तर दोन स्वतंत्र गोष्टी कळल्या पाहिजेत, तीन हवेत तर तीन.

‘स्वतंत्र’ या शब्दावर जोर द्या. टपरीवर एका टोळक्याने २ चहा आणि ३ वडापाव घेऊन ८० रुपये दिले, दुसऱ्याने ४ चहा आणि ६ वडापाव घेऊन १६० दिले. समीकरणे दोन दिसतात, पण दुसरे म्हणजे पहिल्याचीच दुप्पट. नवीन काही कळले नाही. आणि दुसऱ्याने १६० ऐवजी १५० दिले असतील तर? पहिले समीकरण दुप्पट करा; ४क्ष + ६य = १६०. दुसरे म्हणते ४क्ष + ६य = १५०. दोन्ही एकाच वेळी खरी असणे शक्य नाही. येथे मुले घाबरून आपलीच वजाबाकी चार वेळा तपासतात. वजाबाकी बरोबर आहे! समीकरणे तुम्हाला बाजारातली एक बातमी देत आहेत: दोघांना एकच भाव लागलेला नाही. मोठ्या गिऱ्हाईकाला दहा रुपये सूट मिळाली असेल, किंवा हिशेबात चूक झाली असेल. एकमान पद्धतीच्या पायाशी ‘प्रत्येक नगाचा भाव तोच’ ही एक अट गुपचूप बसलेली असते. ती मोडली की असे होते.

ही अट मोडण्याचा आणखी एक प्रकार शेतकऱ्यांच्या घरातल्या मुलांना चांगला ठाऊक असेल. समजा, कापूस टेम्पोने परभणीला न्यायचा आहे. ८ क्विंटलला १,०४० रुपये पडले आणि १४ क्विंटलला १,५२० रुपये. क्विंटलला दर काय? भागाकार करून पाहाल तर पहिल्या खेपेला क्विंटलमागे १३० रुपये आणि दुसऱ्या खेपेला सुमारे १०९ रुपये येतात. दर बदलला का? तसे असेलच असे नाही. टेम्पो दारात उभा करण्याचे ठरावीक भाडे भ रुपये आणि त्यावर क्विंटलमागे द रुपये, असा करार असला तर:

भ + ८द = १,०४०
भ + १४द = १,५२०

वजा केले की ६द = ४८०, म्हणजे द = ८०, आणि भ = ४००. आता २० क्विंटलला किती पडतील ते सांगता येते: ४०० + १,६०० = २,००० रुपये. १३० चा दर धरून बसलेला माणूस २,६०० रुपये मोजायला तयार झाला असता! त्रैराशिकाची सवय लागलेल्या मुलांनी हे उदाहरण दोनदा वाचावे. ‘आठाला इतके, तर विसाला किती’ असे विचारले म्हणून लगेच गुणून भागायचे नसते.

दुकानातल्या पाकिटांचा हिशेब त्या मानाने सोपा. २०० ग्रॅमचे पाकीट ५४ रुपयांना आणि ५०० ग्रॅमचे १३० रुपयांना असेल, तर ग्रॅमचा भाव अनुक्रमे २७ पैसे आणि २६ पैसे पडतो. मोठे पाकीट स्वस्त, पण नावालाच. २०२१ साली वेष्टित मालाच्या नियमांत दुरुस्ती होऊन पाकिटावर ‘एकक विक्री किंमत’ छापण्याची तरतूद झाली. म्हणजे आपला क्ष आता दुकानदाराच्या फळीवर आयता छापून येतो. घरी आलेल्या एखाद्या पाकिटावर तो शोधा, आणि छापलेला आकडा बरोबर आहे का ते भागाकार करून पाहा.

आता काही उदाहरणे तुमच्यासाठी. प्रत्येकात पहिली ओळ ‘समजा, एका …ची किंमत क्ष रुपये’ किंवा ‘समजा, …ची संख्या क्ष’ अशी पूर्ण लिहा. समीकरणे त्यानंतर.

(अ) पूर्णेच्या बाजारात एकीने ४ किलो ज्वारी आणि ३ किलो तूरडाळ ५५० रुपयांना घेतली. दुसरीने त्याच भावाने ७ किलो ज्वारी आणि २ किलो तूरडाळ ५४० रुपयांना घेतली. दोन्हींचे किलोचे भाव काढा.

(आ) ५ वह्या आणि ३ पेने यांची किंमत २०८ रुपये. ३ वह्या आणि ५ पेने यांची किंमत १६० रुपये. एकदा बेरीज-वजाबाकीने आणि एकदा महावीराचार्यांच्या नियमाने सोडवा.

(इ) ३ डझन केळी आणि २ किलो पेरू यांचे २६० रुपये झाले. दुसऱ्या गिऱ्हाइकाचे ६ डझन केळी आणि ४ किलो पेरू यांचे ५०० रुपये झाले. भाव काढता येतील का? नसतील तर काय कळले?

(ई) पूर्णेहून अकोल्याला निघालेल्या एका प्रवाशाजवळ ९१ हाली रुपये होते. सरकारी दराने त्याला किती कलदार मिळाले असते? समीकरण मांडण्याआधी उत्तर ९१ पेक्षा मोठे की लहान ते लिहा.

उत्तरे: (अ) ज्वारी ४० रुपये, तूरडाळ १३० रुपये. (आ) वही ३५ रुपये, पेन ११ रुपये. (इ) काढता येत नाहीत. दोघांना एकच भाव लागलेला नाही, दुसऱ्याला २० रुपये कमी पडले. (ई) लहान, ७८ कलदार.